राखेनं घासलेला टीव्ही

आमच्या घरात टीव्ही पुसणं जोखमीचं काम होतं. शॉक बसायची भीती फार तर दुसऱ्या नंबरची. पहिल्या नंबरवर अण्णा, म्हणजे माझे वडील. काचेवर बोटाचा ठसा दिसला की ते आधी ठशाकडे बघत, मग आईकडे, आणि मधलं अंतर दोन ढांगांत संपवत. मी तेव्हा बारावीला होते आणि टीव्ही कसा पुसायचा हे मला अभ्यासापेक्षा पक्कं पाठ होतं.

बेलापूरला आमचं तीन खोल्यांचं घर. अण्णा साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कामाला. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि श्रीरामपूरच्या दुकानांत नुकते फ्लॅट टीव्ही आले होते. आमच्या आधीच्या टीव्हीच्या काचेला पोट होतं, याची काच पाटासारखी सपाट. मागचं धूड तेवढंच मोठं, पण ते कोण बघतंय? गल्लीतला पहिला फ्लॅट टीव्ही आमचा. टेम्पोतून तो उतरवला तेव्हा अण्णांनी हमालाला एक शिवी दिली आणि आईला दोन, कारण ती वाटेत उभी होती.

त्याच संध्याकाळी त्यांनी कायदा जाहीर केला. काचेला हात लावायचा नाही. रिमोट त्यांच्या कपाटात. टीव्ही पुसायचा तो फक्त त्यांनी, रविवारी, चष्म्याच्या डबीतल्या पिवळ्या फडक्यानं. एवढ्या हळुवारपणे त्यांनी आयुष्यात कशाला हात लावला असेल तर त्या काचेला. मी उंबऱ्यात बसून ते बघायची आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आईचा डावा कान जुन्या टीव्हीच्या काळातच गेला होता. मॅच चालू होती आणि आई केर काढत टीव्हीपुढून गेली. तेवढ्यात कोणीतरी आऊट झालं. अण्णा उठले आणि त्यांनी तिच्या कानाखाली अशी ओढली की ती केरसुणीसकट भिंतीवर गेली. पदराच्या काठावर रक्ताचा बारीक ठिपका पडला. पुढं कान वाहायला लागला, वास यायला लागला, तेव्हा कुठं अण्णा तिला नगरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मीही बरोबर होते.

"कशानं झालं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"गाईचं शिंग लागलं," आई म्हणाली.

आमच्याकडे गाय नव्हती. बकरीसुद्धा नव्हती. डॉक्टरांनी एकदा अण्णांकडे बघितलं, मग बॅटरी लावून दोन्ही कान तपासले. म्हणाले, डाव्याचा पडदा फाटलाय, त्यातून आता फारसं ऐकू येणार नाही. उजव्याचा पडदाही पातळ आहे, लहानपणी फुटलेला दिसतो. त्याला धक्का लागू देऊ नका. पुन्हा असं शिंगबिंग लागलं तर दोन्ही गेले म्हणून समजा. हे ते अण्णांकडे बघून म्हणाले. अण्णांनी गंभीर चेहऱ्यानं मान हलवली आणि विचारलं, "आंघोळीचं पानी गेलं तर चालंल का, साहेब?"

परत येताना त्यांनी आईला उसाचा रस पाजला. असं काही सांगितलं की लोक लगेच म्हणतात, बघ, माणूस तसा वाईट नव्हता. आईसुद्धा तेच म्हणायची. "राग आला की त्यांला दिसत न्हाई गं. डोळ्यांपुढं अंधारी येती. मग हात कुठं पडतोय त्यांचं त्यांला कळत न्हाई." या एका समजुतीवर तिनं वीस वर्षं काढली होती. आंधळा बैल अंगावर आला तर बैलाला काय दोष द्यायचा, असं तिचं म्हणणं. मला ते तेव्हाही पटायचं नाही, पण तिच्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून मी ते हिसकावून घेतलं नाही.

त्यानंतर मारायचं थांबलं म्हणता? छे. फक्त आई मान फिरवायला शिकली. हात वर गेला की ती डावी बाजू पुढं करायची, आधीच मेलेली. उजवा कान तेवढा वाचवायचा, बाकी पाठ, दंड, डोकं, काय लागेल ते लागू दे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो आमच्या मधल्या खोलीत शब्दशः चालायचा, कारण शेजारी आवाज गेलेला अण्णांना आवडत नसे.

आता तेलाच्या डागाचं सांगते. अण्णा टीव्हीचा आवाज बारीक ठेवायचे. आईला चालू-बंदची एकच कळ माहीत होती. दुपारी अण्णा कारखान्यात आणि मी कॉलेजात असले की ती टीव्ही लावायची आणि आवाज येत नाही म्हणून त्याच्या शेजारी फरशीवर बसून उजवा कान थेट स्पीकरच्या जाळीला लावायची. चित्र तिला धड दिसायचंही नाही, नुसतं ऐकायची. तिचं डोकं कायम खोबरेल तेलानं चोपडलेलं. तिची मालिका संपेपर्यंत जाळीवर आणि काचेच्या कडेवर तळहाताएवढा तेलकट डाग उमटलेला असायचा.

तो डाग पहिल्यांदा अण्णांना दिसला तेव्हा त्यांनी आईची वेणी धरून तिचं तोंड काचेजवळ नेलं. "ह्ये काय हाय? वास घे. घे वास." मग तिची मान दाबून धरली आणि पाठीत गुद्दे घातले, एकामागून एक. मी मध्ये पडले तर कोपर माझ्या नाकावर बसलं. नाकातून आलेलं रक्त मी फरशीवर सांडू दिलं, मुद्दाम, त्यांना दिसावं म्हणून. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "पूस ते."

तेव्हापासून डाग काढायचं काम मी घेतलं. आईला मी "टीव्ही बघू नकोस" म्हटलं नाही. का म्हणून म्हणायचं? दिवसभरात तेवढीच एक गोष्ट ती स्वतःसाठी करत होती. टीव्हीबरोबर आलेली हिंदी माहितीपुस्तिका मी वाचून काढली आणि अण्णांच्या येण्याच्या वेळेच्या आत ते काम बसवलं. कॉलेजातून आले की आधी टीव्ही बंद करून पिन भिंतीतून काढायची, नुसती कळ दाबून भागत नाही. मग काच थंड होऊ द्यायची. तापलेल्या काचेजवळ हात नेला तर हातावरची लव उभी राहते आणि बारीक तडतड होते, ती थांबेपर्यंत हात लावायचा नाही. तोवर मी चहा टाकायची.

फडकं आईच्या विरलेल्या सुती लुगड्याचं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की त्याचे धागे काचेवर राहत नसत. आधी कोरडंच फिरवून धूळ उचलायची, कारण धुळीत रेतीचा एक कण असला तरी तो ओरखडा काढतो. मग फडक्याचं एक टोक पाण्यात बुडवून असं पिळायचं की थेंब पडता कामा नये, त्याला साबणाचा नुसता वास द्यायचा आणि डागावरून दाब न देता न्यायचं. पाणी कधी थेट काचेवर टाकायचं नाही, ते ओघळून आत जातं. रॉकेल नाही, धुण्याची पावडर नाही. शेवटी पुन्हा कोरडं फडकं, आणि दारातून येणाऱ्या उजेडात मान वाकडी करून बघायचं. अण्णाही तशीच मान वाकडी करून बघायचे. मी त्यांच्याच डोळ्यांनी काच तपासायची आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायची. पिन परत लावली की काम झालं. महिनोन्‌महिने अण्णांना एकही डाग सापडला नाही आणि आईचा उजवा कान शाबूत राहिला.

मग दसरा काढायचे दिवस आले. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातलं एकूण एक बाहेर काढून धुतात. गोधड्या, सतरंज्या, पडदे, भांडी, फळ्या, देव्हारा. बायका आठवडाभर नदीवर. वर्षाचा मळ घरात ठेवून देवीला बोलवायचं नसतं. या कामाला दरवर्षी माझी आत्या यायची, अण्णांची थोरली बहीण, पाथर्डीकडे दिलेली. त्यांची आई लवकर गेल्यामुळं अण्णांना तिनंच वाढवलेलं. अण्णा जगात कोणाचं ऐकत असतील तर या अक्काचं. ती आली की ते एकदम लहान व्हायचे. तिच्यासमोर आईला "अहो, जरा चहा टाकता का?" म्हणायचे. अहो! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं दारात कोणी परकी बाई आली असेल.

साहजिकच आत्याला काही माहीत नव्हतं. आईनं कधी सांगितलं नाही. माहेरवाशीण दोन दिवस सुखाला आलेली, तिच्या डोळ्यांत पाणी यायला नको, तिच्या कानावर वाईट जायला नको, हा आईचा नेम.

त्या दिवशी आई आणि मी गोधड्या घेऊन प्रवरेवर गेलो. आत्याचे गुडघे दुखत होते, म्हणून ती म्हणाली, "तुमी व्हा म्होरं, म्या घरातली भांडी-कुंडी बघते." नदीवर सगळं गाव लोटलेलं. ओल्या गोधड्या दगडावर टाकून बायका धोपाटण्यानं बडवत होत्या, नुसता धपाधप आवाज. मला ते काम आवडायचं. दोन्ही हातांनी धोपाटणं डोक्यावर न्यायचं आणि जीव खाऊन खाली आणायचं. गोधडीत मी कोणाला बघत होते ते सांगायला नको. आई म्हणाली, "हळू, टाके उसवतील." मी अजून जोरात हाणलं.

दिवस कलताना घरी आलो तर आत्या ओट्यावर पाय पसरून बसलेली, कोपरापर्यंत हात राखेनं पांढरे. सगळी पितळ सोन्यासारखी चमकत होती. आम्हाला बघून खुशीत म्हणाली, "तुमच्या त्या टीव्हीच्या कडंला तेलाचा लई मळ बसलाता. कंदिलाच्या काचंगत राखुंडीनं घासून लख्ख केला बघा."

सकाळचा डाग. नदीला निघायच्या आधी आईनं थोडा वेळ टीव्ही लावला होता. नदीच्या तयारीच्या गडबडीत मी तो पुसायचा विसरले होते असं नाही, संध्याकाळी पुसू म्हणून ठेवला होता. अण्णा त्या दिवशी उशिरा येणार होते.

मी आत धावले. आत्याच्या हिशेबानं तिचं काही चुकलं नव्हतं. कंदिलाची काच आमच्याकडे घरोघरी अशीच घासत, चाळलेली राख आणि थोडं पाणी. जोर पुरेना म्हणून तिनं नारळाची शेंडी घेतली होती. सपाट काचेवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे शेंडीच्या रेघाच रेघा. काच चमकू नये म्हणून तिच्यावर दिलेला बारीक थर खरवडून निघाला होता. मधोमध मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा पांढुरका गोल. राखेचं पाणी खालच्या फटीत ओघळलेलं, आणि पिन भिंतीत तशीच. मी आधी पिन ओढली. आत्याला काही झालं नाही हे नशीब.

मी फडकं घेतलं. कोरडं फिरवलं, ओलं फिरवलं, पुन्हा कोरडं फिरवलं. राख निघाली, रेघा तशाच राहिल्या. मागे आई उभी होती. तिनं काचेकडे बघितलं आणि तिचा हात आपोआप उजव्या कानावर गेला.

"अण्णांना सांगू आत्यानं केलं म्हणून," मी कुजबुजले. तिच्या उजव्या कानात, जवळ जाऊन.

"काय बी बोलू नको. पाव्हनी हाय ती. माहेरी येऊन बोल खायचे व्हय तिनं? म्या सांगते माझ्या हातनं झालं."

"आई, तुझा कान..."

"गप."

तिनं आत्याला हातपाय धुवायला लावले, चहा दिला आणि वरच्या गल्लीतल्या तिच्या बालमैत्रिणीकडे पाठवून दिलं. "किती दिसांनी आलाय, भेटून या, अक्का." आत्या लंगडत, आनंदात गेली. आई आणि मी मधल्या खोलीत थांबलो. तिनं वेणीचा अंबाडा बांधला, म्हणजे धरायला कमी सापडावा. बांगड्या मागं सारल्या. ही सगळी तयारी ती इतक्या सवयीनं करत होती की मला ओरडावंसं वाटलं.

अण्णा आले, चपला काढल्या, पाणी प्यायले आणि टीव्हीसमोर उभे राहिले. मान वाकडी केली. नंतर सरळ केली.

"कुनी केलं?"

"माझ्या हातनं झालं," आई म्हणाली. "राखंनं घासला. मला वाटलं..."

पुढचं ती बोलू शकली नाही, कारण पहिली बुक्की तिच्या तोंडावर बसली. ओठ फुटला. ती मागं सरली तर त्यांनी अंबाडा धरून ओढला, वेणी सुटून त्यांच्या मुठीत आली. मग पाठीत, बरगडीत, मांडीवर लाथ. ती खाली बसली तर वेणीनं वर उचललं. अण्णा ओरडत नव्हते. दात आवळून हळू आवाजात प्रत्येक फटक्याबरोबर एकेक शब्द बोलत होते. "किती. डाव. सांगितलं. हात. लावू. नको." मी त्यांच्या दंडाला लोंबकळले. त्यांनी मला झटकलं ती मी चमकत्या पितळेवर जाऊन आदळले, हंडा माझ्या पायावर पडला. उठले आणि पुन्हा गेले. या वेळी मी त्यांच्या मनगटाला चावले. खरंच चावले, तोंडात त्यांच्या घामाची खारट चव आली. पोटात गुडघा बसला आणि मला श्वास घेता येईना.

आईनं नेहमीसारखी डावी बाजू पुढं केली होती. अण्णांनी तिथं दोन थपडा मारल्या, फाडफाड. आई हलली नाही, तोंडातून आवाजही काढला नाही. त्यानं ते जास्तच भडकले असावेत. त्यांनी हात बदलला. वेणी उजव्या हातात घेतली, तिचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि डावा हात वर उचलला. आता समोर उजवा कान होता. हे रागाच्या अंधारात झालं नाही. नगरच्या त्या खोलीत डॉक्टरांचं बोलणं ऐकताना होती तशीच त्यांची नजर थेट तिच्या त्या कानावर होती.

"आत्यानं घासला," मी फरशीवरून म्हणाले. श्वास नव्हता, तरी म्हणाले. "आईनं नाही. आत्यानं. अक्कानं."

हात थांबला.

हवेत, तिच्या कानापासून वीतभर अंतरावर. थरथरला नाही की रेंगाळला नाही, थांबला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "अक्कानं?" त्यांनी विचारलं. त्यांनी वेणी सोडली, हात खाली घेतला, सदऱ्याची बाही नीट केली.

"मग आधी सांगायचं न्हाई का?" ते म्हणाले. आवाज अगदी रोजचा. "तिला काय बोलू नका कुनी. तिला वाईट वाटंल." मग मोरीत जाऊन त्यांनी साबणानं हात धुतले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मी फरशीवर पडून आईकडे बघत होते. तिचा चेहरा मी तसा आधी कधी बघितला नव्हता. रडत नव्हती. बाहेरच्या दाराकडे टक लावून बघत होती, जणू तिथून कोणी अनोळखी माणूस आत्ता निघून गेला. मग म्हणाली, "थांबले."

"हो."

"नाव ऐकलं अन थांबले." मग पदरानं ओठ टिपत अजून एकदा, स्वतःशीच, "म्हंजी दिसत हुतं त्यांला." वीस वर्षांची तिची ती समजूत तिथं मोडली. तो मार तिला त्या संध्याकाळच्या सगळ्या मारापेक्षा जास्त लागला, हे मला दिसत होतं. मला अण्णांचा जीव घ्यावासा वाटला. हे मी नंतर विचार करून म्हणत नाही, त्या क्षणी पितळी हंड्याकडे माझा हात गेला होता.

आत्या परत आली तेव्हा दिवेलागण होऊन बराच वेळ झाला होता. "कसा झालाय टीव्ही?" तिनं विचारलं. अण्णा हसले. "लई चकचकीत झालाय, अक्का. मला बी जमत न्हाई तसा."

जेवायला अण्णा आणि आत्या बसले, आई वाढत होती. पदर तोंडावरून ओढलेला, पण वाकली की दिसायचंच. आत्यानं घास हातात धरला.

"तोंडाला काय झालं गं?"

"नदीवर घसरली," अण्णा म्हणाले. "शेवाळ लई झालंय."

"म्या तिला विचारलं."

आई भाकरीची टोपली घेऊन उभी होती. नेहमी तिच्याकडे गाय तयार असायची. या वेळी तिनं टोपली खाली ठेवली.

"घसरले न्हाई, अक्का. ह्यांनी मारलं. काचंपायी. म्या म्हनलं माझ्या हातनं झालं. ह्यो कान फोडाया हात उचललाता, तेवढ्यात पोरीनं तुमचं नाव घेतलं. मग थांबले. एक कान आधीच फोडलाय."

एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. अण्णांचा जबडा हलायचा थांबला. आत्यानं घास ताटात परत ठेवला. मग म्हणाली, "भांड्याला भांडं लागतंच घरात." झालं, ही पण त्यांचीच. शेवटी भावाची बहीण.

पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. "माझं नाव ऐकलं अन हात थांबला म्हनतीस?"

"व्हय."

"लगीच?"

"लगीच."

आत्या अण्णांकडे वळली. "म्हंजी थांबतो तर तुझा हात."

"अक्का, रागाच्या भरात मानसाला कळत न्हाई..."

"कळलं की. माझं नाव कळलं." तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि कान मोकळा केला. पांढरे केस, कानात जुनी बुगडी. "काच म्या घासली. तिच्या कानाला जे देनार हुतास ते माझ्या कानाला दे. ऊठ."

अण्णा उठले नाहीत. आत्या तशीच कान पुढं करून बसली. चुलीवरची आमटी उतू जायला लागली तरी कोणी हललं नाही. अण्णांनी मान खाली घातली, ताटातली भाकरी बोटांनी तोडत राहिले, तोडत राहिले, खाल्ली नाही.

शेवटी आत्या आईला म्हणाली, "सकाळी माझ्यासंगं चल."

"घट बसायचेत, अक्का. गोधड्या अजून वल्ल्या हायती."

"वाळतील."

"घर कोन बघनार?" अण्णा म्हणाले. त्या रात्रीचं त्यांचं ते शेवटचं वाक्य.

"तू," आत्या म्हणाली.

सकाळच्या एसटीनं दोघी गेल्या. माझी बारावी होती, मी राहिले. त्यानंतर अण्णांनी मला कधी हात लावला नाही, कारण मी भाजी चिरताना विळीवरून त्यांच्याकडे बघायची ती नजर त्यांना कळत असावी. गल्लीत बायका मला विचारत, आई कधी येणार, बरं दिसतं का हे? मी म्हणायची, बरं दिसणारं काही बघायचं असेल तर आमचा टीव्ही बघा. अण्णा रविवारी अजूनही ते पिवळं फडकं घेऊन बसत. रेघांमधून बातम्या देणाऱ्या बाईचं तोंड चरे पडल्यासारखं दिसे. दुसरा टीव्ही त्यांनी घेतला नाही.

दिवाळी झाल्यावर एके दिवशी मी श्रीरामपूरच्या एसटीडी बूथवर गेले. आत्याच्या शेजारी फोन होता, त्यांनी आईला बोलवून आणलं. ती पहिल्यांदाच फोनवर माझ्याशी बोलत होती आणि मला दुरून तिच्याशी बोलायची एकच पद्धत माहीत होती. वीस माणसांना ऐकू जाईल असा आवाज लावून मी ओरडले, "आई! जेवलीस का? कान कसा आहे? ऐकू येतंय का तुला?"

बूथमधले लोक वळून बघायला लागले. पलीकडून तिचा आवाज आला, शांत, थोडा हसरा.

"वरडती कशाला गं," ती म्हणाली. "हितं कुनी वरडत न्हाई. हळू बोल, समदं ऐकू येतंय मला."